‘मालक किंवा भोगवटादार’ : एका उभयान्वयी अव्ययाची चिकित्सा

शहरातला कचरा, मोडकळीला आलेल्या इमारती आणि शेजाऱ्याचा उपद्रव हे विषय निघाले की आपले बहुतेक लेखन दोन वाटांनी जाते. एक वाट नागरिकांच्या सवयींकडे जाते. ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे तिचे शेवटचे स्थानक. दुसरी प्रशासनाच्या भ्रष्टतेकडे जाते आणि ‘सगळे मिळालेले आहेत’ येथे थांबते. दोन्ही वाटांवर सत्याचा काही अंश आहे. पण या तिन्ही गोष्टींचे नियमन करणारा जो मजकूर आहे, तो मजकूर म्हणून वाचण्याचे कष्ट दोन्हीकडे घेतले जात नाहीत. या लेखात मी तेवढेच काम करणार आहे, आणि तेही एका शब्दसंहतीपुरते.

ती संहती आहे ‘मालक किंवा भोगवटादार’. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ या कायद्यात ती पुन्हा पुन्हा भेटते. आवारात रान माजले, जागा घाण झाली, कुंपणाअभावी लोक तेथे शौचाला बसू लागले, तर कलम ३७७ खाली आयुक्त ‘मालकाला किंवा भोगवटादाराला’ नोटीस देऊ शकतात. इमारत पडायच्या बेतात असेल तर कलम ३५४ खालची नोटीसही त्यांनाच. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेण्याचे कर्तव्य कलम ३५३-ब त्यांच्यावरच टाकते. आवारातला केरकचरा गोळा करून ठरल्या जागी ठेवण्याची जबाबदारी कलम ३६८ त्यांचीच मानते. तेथे ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आहे, पण कोणी किती करायचे ते तेथेही सांगितलेले नाही. उर्वरित महाराष्ट्रातल्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९च्या अधिनियमातही धोकादायक बांधकामाविषयीचे कलम २६४ हीच जोडी वापरते.

व्याकरणात ‘किंवा’ हे विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय. दोहोंपैकी कोणीही एक चालेल, असे ते सांगते. माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या स्थानिक नियमांचे अपयश मोठ्या प्रमाणात या ‘किंवा’त साठलेले आहे. दोघांपैकी कोणीही जबाबदार, असे लिहिले की व्यवहारात दोघेही मोकळे राहतात.

१. व्याख्या काय सांगतात?

कायद्याचे वाचन त्याच्या तिसऱ्या कलमापासून करावे लागते, कारण तेथे व्याख्या आहेत. ‘मालक’ म्हणजे काय? सातबाऱ्यावर किंवा मालमत्तापत्रकावर ज्याचे नाव आहे तो, असे सामान्य वाचकाला वाटेल. कायदा तसे म्हणत नाही. जागेचे भाडे जो घेतो, किंवा ती भाड्याने दिली असती तर ज्याला भाडे मिळाले असते, तो मालक. मालकाच्या वतीने भाडे घेणारा मुखत्यार, विश्वस्त, न्यायालयाने नेमलेला रिसीव्हर, ताबा असलेला गहाणदार हेही मालकच. म्हणजे १८८८च्या कायद्याच्या दृष्टीने मालकी ही भावनेची किंवा वारशाची बाब नाही, ती पैशाच्या प्रवाहाची बाब आहे. जो उत्पन्न घेतो त्याने निगा राखावी, असा हा साधा, हिशेबी विचार आहे. त्या काळापुरता तो न्याय्यही म्हणावा लागेल.

‘उपद्रव’ या शब्दाची व्याख्या मात्र आश्चर्य वाटावे इतकी पसरट आहे. जिच्यामुळे इजा, धोका, त्रास होतो किंवा होण्याचा संभव आहे. जी डोळ्यांना, नाकाला, कानांना खुपते. जी जीविताला धोकादायक किंवा आरोग्याला, मालमत्तेला अपायकारक आहे, अशी कोणतीही कृती, कृतीचा अभाव, जागा किंवा वस्तू म्हणजे उपद्रव. यातला ‘कृतीचा अभाव’ महत्त्वाचा आहे. केवळ करण्याने नव्हे, तर न करण्यानेही उपद्रव होतो. गळका नळ दुरुस्त न करणे हा उपद्रव आहे, तसेच शौचालय न बांधणे हाही असू शकतो. ही शक्यता कायद्याच्या पोटात पहिल्यापासून होती. ती कोणाविरुद्ध वापरायची, हा प्रश्न पुढे ऐंशी-नव्वद वर्षांनी एका न्यायालयाने विचारला. त्याकडे नंतर येऊ.

आणखी एक विसंगती येथेच नोंदवतो. कलम ६१मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. रस्ते झाडणे, कचरा हलवणे यांच्याबरोबर धोकादायक इमारती सुरक्षित करणे किंवा काढून टाकणे हेही त्या यादीत आहे. पण हे कर्तव्य ज्या कलमाने पार पाडायचे त्या ३५४मध्ये आयुक्त नोटीस ‘देऊ शकतील’, असा शब्दप्रयोग आहे. एकीकडे ‘केलेच पाहिजे’, दुसरीकडे ‘करू शकतील’. मालकाने किंवा भोगवटादाराने ऐकले नाही तर आयुक्तांनी ते काम करून खर्च वसूल करावा, ही सोय कलम ४८९मध्ये आहे, तीही ऐच्छिकच. म्हणजे ‘किंवा’ नोटीस घेणाऱ्याच्या बाजूला आहे आणि ‘शकतील’ नोटीस देणाऱ्याच्या बाजूला. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत इमारती उभ्या आहेत.

२. कायदा कोणाच्या शहरासाठी लिहिला?

मुंबईला १८६५मध्ये एकमुखी अधिकार असलेला आयुक्त मिळाला. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले नाव. त्यांनी शहर झपाट्याने सुधारले आणि तिजोरी तितक्याच झपाट्याने रिकामी केली. त्यावरून उठलेल्या वादळातून १८७२चा आणि पुढे १८८८चा कायदा आला. १८८८च्या मसुद्याला आकार देण्यात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा वाटा होता, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे. हा कायदा परका म्हणून झटकून टाकता येत नाही. त्यामागे करदात्याचा हक्क मागणारी देशी बुद्धीही होती.

पण करदाता म्हणजे कोण? प्रामुख्याने मालमत्ता असलेला. प्रतिनिधी निवडण्याचा हक्क त्याचा, कर त्याच्यावर, म्हणून कर्तव्यही त्याच्यावर. गिरण्यांसाठी कोकणातून, घाटावरून येणारा माणूस ज्या चाळीत राहत होता, त्या चाळीचा मालक भाडे घेत होता. भाडे परवडले नाही तर भाडेकरू बदलत होता. अशा शहरात ‘मालक किंवा भोगवटादार’ ही जोडी चालण्यासारखी होती. मालकाकडे पैसा होता, भोगवटादार जागेवर होता. मोठ्या दुरुस्तीची नोटीस मालकाला, केर काढण्याची भोगवटादाराला, अशी विभागणी कायद्यात लिहिलेली नसली तरी गृहीत होती.

या दोघांचे पटणार नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांना सुचलेच नव्हते असे मात्र नाही. कलम ५०७ वाचावे. मालकाला कायद्याप्रमाणे काम करायचे आहे, पण भोगवटादार ते करू देत नाही, तर मालकाने लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे दाद मागावी, अशी तजवीज त्यात आहे. म्हणजे संघर्षाची कल्पना होती, पण एकाच दिशेची. दुरुस्ती करायला उत्सुक असलेला मालक आणि आडवा येणारा भाडेकरू, एवढेच चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होते. दुरुस्ती नको असलेला मालक त्या चित्रात नाही.

१८९६च्या प्लेगने या रचनेची पहिली मोठी परीक्षा घेतली. साथरोग अधिनियम १८९७मध्ये आला आणि त्याखालच्या घरझडत्यांनी पुण्यात जो संताप उसळला, त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. मुंबईत १८९८मध्ये सुधार न्यास स्थापन झाला. नोटिशीने घर सुधारत नाही, म्हणून वस्तीच पाडून रस्ता काढावा, हा त्यामागचा विचार होता. या तोडफोडीत हललेली माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली. उपद्रव हटला नाही, त्याने जागा बदलली.

३. मालक रिकामा होतो

खरा बदल विसाव्या शतकाच्या मध्यावर झाला आणि तो दुसऱ्याच एका कायद्याने केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेले भाडेनियंत्रण दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात पक्के झाले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, ते ‘प्रमाण भाडे’ म्हणून गोठले. फाळणीच्या आणि टंचाईच्या त्या दिवसांत भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणारा हा कायदा आवश्यक होता, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न तो झाला हा नाही. तो होताना १८८८च्या कायद्यातला ‘मालक’ तसाच राहू दिला, हा आहे.

भाडे घेणारा तो मालक, ही जुनी व्याख्या आठवावी. भाडे गोठले की व्याख्येतला गाभाच वितळतो. उत्पन्न दुरुस्तीला पुरत नाही, तरी दुरुस्तीची नोटीस त्याच्याच नावाने निघत राहते. दुसऱ्या बाजूला भाडेकरूला दिलेली सवलत बघण्यासारखी आहे. मालकाने दुरुस्ती केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नाही. ही तरतूद १९४७च्या कायद्यात होती, १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमातही ती आहे. गोठलेल्या भाड्याच्या चौथाईत जिन्याची एक पायरीही बदलून होणार नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

मधल्या काळात पागडी रूढ झाली. भाडे नाममात्र, पण खोली हस्तांतरित होताना मोठी रक्कम हातोहात. भाडेकरू अर्धा मालक झाला, मालक अर्धा वसुली-कारकून. कायद्याने ‘किंवा’च्या दोन बाजूंना जी दोन माणसे बसवली होती, ती दोन्ही बदलली. ज्याच्याकडे हक्क त्याच्याकडे पैसा नाही. ज्याच्याकडे पैसा येऊ शकतो त्याच्याकडे हक्क नाही.

शासनाला हे दिसत होते. १९६९मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला, जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला आणि शहर भागातल्या एकोणीस हजारांहून अधिक इमारती ‘उपकरप्राप्त’ झाल्या. १९७७च्या अखेरीस हे काम म्हाडाकडे गेले. आता नोटिशीच्या पत्त्यात तिसरे नाव आले. पण दुरुस्तीखर्चाला शासनाने कमाल मर्यादा घातली. वरचा भार रहिवाशांनी उचलायचा. त्यामुळे ‘मालक किंवा भोगवटादार’चे ‘मालक किंवा भोगवटादार किंवा मंडळ’ झाले. एका ‘किंवा’ने जे साधत नव्हते ते दोन ‘किंवां’नी साधेल, ही अपेक्षाच चमत्कारिक होती.

डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. पुढे १९९९चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीला कायद्याचे छत्र दिले. चार टक्के कशावर? जवळपास साठ वर्षे गोठलेल्या आकड्यावर. शून्याच्या शेजारच्या संख्येला कितीही वर्षे चार टक्क्यांनी वाढवले तरी तिचा गिलावा होत नाही.

४. घरगल्ली : ‘किंवा’ची जागा

या सगळ्याचे दृश्य रूप पाहायचे असेल तर मुंबईतल्या घरगल्लीत डोकवावे. दोन जुन्या इमारतींच्या पाठींमधली, जेमतेम एक माणूस जाईल एवढी ही चिंचोळी पट्टी. १८८८च्या कायद्यात तिची स्वतंत्र व्याख्या आहे. सांडपाणी वाहून नेण्यासाठी, किंवा संडास-मोऱ्या साफ करणाऱ्या पालिकेच्या माणसांना आत जाता यावे म्हणून राखलेली वाट, ती घरगल्ली. इमारतीच्या दर्शनी भागातून ज्याला येऊ द्यायचे नाही, त्याच्यासाठी केलेला मागचा रस्ता, असाही तिचा अर्थ होतो. त्याच कायद्यात एका कराचे नाव ‘हलालखोर कर’ होते. स्वच्छतेच्या कामाची जात कायद्याच्या शब्दसंग्रहातच कोरलेली होती.

पुढे मलनिस्सारण वाहिन्या आल्या, टोपलीचे संडास गेले. घरगल्ली मात्र राहिली. तिच्याकडे उघडणाऱ्या खिडक्या स्वयंपाकघरांच्या आणि मोऱ्यांच्या. वरच्या मजल्यावरून भाजीची देठे, नासके अन्न, फाटके पायपुसणे खाली जाते. फुटक्या पाइपातले पाणी भिंतीत मुरते, पिंपळ रुजतो, घुशी पोसल्या जातात आणि पायाजवळची माती पोकळ होते. कचऱ्याचा प्रश्न आणि इमारत पडण्याचा प्रश्न आपण वेगळे मानतो, पण घरगल्लीत ते एकाच ओलीने जोडलेले आहेत.

ही गल्ली कोणाची? दोन इमारतींच्या दोन मालकांची, म्हणून एकाचीही नाही. दोन्ही बाजूंचे भोगवटादार तिचा ‘भोग’ घेतात तो फक्त खिडकीतून. नोटीस काढायची तर चार पक्षांना काढावी लागते आणि चौघांकडे प्रामाणिक उत्तर तयार असते : तो कचरा माझा नव्हे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण घरगल्लीला शब्दशः लागू पडते. शेवटी पालिका किंवा तिने नेमलेली संस्था तेथे माणूस उतरवते. तो कमरेएवढ्या घाणीत उभा राहून जे उपसतो, ते कायद्याच्या भाषेत चार जणांचे कर्तव्य असते.

५. संस्कृतीचे स्पष्टीकरण पुरते का?

भारतीय शहरांतल्या घाणीविषयी विद्वानांनी जे लिहिले, त्यात दोन निबंध वारंवार उद्धृत होतात. दीपेश चक्रवर्ती यांचा १९९२मधला कचरा, आधुनिकता आणि नागरिकाची नजर यांविषयीचा निबंध, आणि सुदीप्त कविराज यांचा १९९७मधला ‘फिल्थ अँड द पब्लिक स्फिअर’. दोघांचा रोख तपशिलात वेगळा असला तरी एक धागा समान आहे. आपल्याकडे ‘आत’ आणि ‘बाहेर’ असा भेद खोल रुजलेला आहे. आत ते आपले, मंगल, झाडून-सारवून ठेवायचे. बाहेर ते परक्यांचे, कोणाचेच नसलेले. ‘सार्वजनिक’ ही कल्पना या भेदावर वरून चिकटवली गेली, म्हणून ती नीट बसली नाही. ‘येथे उपद्रव करू नये’ अशा पाटीखालीच लघवीला उभ्या राहिलेल्या माणसांचे कविराजांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आपल्या गल्ल्यांकडे पाहिले तर हा सिद्धान्त पटतो. घराघरातून निघालेली जळमटे, जुने डबे, गाद्यांचा कापूस उंबऱ्याबाहेर येतो आणि घर स्वच्छ झाले असे आपण म्हणतो. तरीही हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, आणि त्याचे कारण घरगल्लीच आहे. ती ना ‘आत’ आहे ना ‘बाहेर’. ती खासगी मालकीची आहे, कुंपणाच्या आतली आहे, तरी कोणी तिला आपले मानत नाही. याचे उत्तर मनाच्या घडणीत शोधण्याआधी मालकीहक्काच्या घडणीत शोधायला हवे. ज्या जिन्यावर, ज्या गच्चीवर, ज्या मोरीवर माझा हक्क उद्या राहील की नाही हे मला माहीत नाही, त्यावर मी पैसा का घालावा? हा प्रश्न विचारायला भारतीय असावे लागत नाही.

आपली परंपराही एवढी ‘बाहेर’विषयी उदासीन नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती र. पं. कंगले यांनी सिद्ध केली आणि ती मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केली. त्यातल्या नगरव्यवस्थेच्या प्रकरणात रस्त्यावर धूळमाती टाकणाऱ्याला पणाचा आठवा भाग दंड, चिखलपाण्याने वाट अडवणाऱ्याला पाव पण, आणि हेच राजमार्गावर केले तर दुप्पट, असा दर आहे. मंदिर, पाणवठा अशा जागी मलमूत्र करणाऱ्याला दंड आहे. पण औषध, आजार किंवा भीती यांमुळे तसे झाले असेल तर दंड नाही. हे शास्त्र प्रत्यक्षात कितपत अमलात आले, हा वेगळा विषय. मला त्यातली मांडणी महत्त्वाची वाटते. दंड कृतीनुसार आणि जागेनुसार ठरतो, आणि करणाऱ्याच्या लाचारीला जागा ठेवली जाते.

६. दोनशे रुपयांचा नागरिक

आधुनिक मुंबईने कृतीला दंड करण्याची वाट २००६च्या स्वच्छता व आरोग्यविषयक उपविधींनी धरली. थुंकल्यास दोनशे रुपये, रस्त्यावर कचरा टाकल्यास दोनशे रुपये. वसुलीसाठी क्लीन-अप मार्शल आले. कंत्राटदारांनी नेमलेले, आणि दंडाच्या रकमेत कंत्राटदाराचा वाटा असलेले. ज्याचे उत्पन्न घाणीवर अवलंबून आहे तो घाण कमी व्हावी असे का इच्छील, हा प्रश्न आहेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मार्शल कोठे उभा राहत असे? रेल्वे स्थानकाबाहेर, चौपाटीवर, बाजारात. घरगल्लीच्या तोंडाशी तो उभा राहत नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पडलेल्या पिशवीला चेहरा नसतो.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी मात्र भाषेत एक मोलाचा बदल केला. तेथे केंद्रस्थानी ‘कचरा निर्माण करणारा’ आहे. घर, दुकान, संस्था, कोणीही. मालक असो की भाडेकरू, ज्याच्याकडून कचरा निघतो त्याने तो वेगळा करून द्यावा. दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांवर जास्त जबाबदारी आली. त्या आधारावर मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या संकुलांचा ओला कचरा उचलण्याचे बंद करण्याचा पवित्रा घेतला, तेव्हा गृहनिर्माण संस्थांनी आरडाओरडा केला, पण बऱ्याच ठिकाणी खताचे पिंप बसलेही. याचे श्रेय जागृतीला जितके, तितकेच व्याकरणालाही आहे. तेथे ‘किंवा’ नव्हता. संस्था एक, खाते एक, पत्ता एक.

७. रतलाम आणि दिल्ली

उपद्रवाच्या व्याख्येतला ‘कृतीचा अभाव’ कोणाविरुद्ध वापरायचा, हा प्रश्न मागे राखून ठेवला होता. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी तो विचारला. त्यांच्या रस्त्यालगत उघडे गटार वाहत होते. त्यात मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी येई, आणि शौचालये नसल्यामुळे झोपड्यांतली माणसे त्याच्याच काठी बसत. साधा शेजारी असता तर त्याने झोपडीवासीयांविरुद्ध तक्रार केली असती. या रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली नगरपालिकेलाच दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले. नगरपालिकेने पैसे नाहीत असे सांगितले. जुलै १९८०मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राने ती सबब फेटाळली आणि गटारे, शौचालये ठरावीक मुदतीत करण्याचे आदेश कायम केले.

या निकालाचे महत्त्व मला त्याच्या ओघवत्या भाषेत वाटत नाही, कर्ता बदलण्यात वाटते. उपद्रव करणारा तो, ज्याला तो टाळणे शक्य होते आणि ज्याने ते टाळले नाही. आयुर्वेदात ‘उपद्रव’ म्हणजे मूळ रोगामागून उद्भवणारा दुय्यम विकार. आपल्या भाषेतच हा संकेत दडलेला आहे : उपद्रव दिसला की मूळ व्याधी दुसरीकडे शोधावी.

वीस वर्षांनी दिल्लीच्या कचऱ्याविषयीच्या अल्मित्रा पटेल खटल्यात, फेब्रुवारी २०००मध्ये, न्यायालयाची नजर उलट फिरली. अतिक्रमण करून झोपडी बांधणाऱ्याला मोफत पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे, अशा आशयाचे मत तेथे व्यक्त झाले. त्यानंतरच्या दिल्लीतल्या झोपडपट्टी-पाडकामांचा अभ्यास करणारे अॅशर घर्टनर दाखवतात की, उपद्रव ही कल्पना वस्तूवरून आणि कृतीवरून सरकत माणसांवर आली; झोपडपट्टी उपद्रव करते असे नव्हे, तर झोपडपट्टी हाच उपद्रव. कलम १३३ची तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आली आहे, सार्वजनिक उपद्रवाचा दंड न्याय संहितेत दोनशेवरून एक हजार रुपये झाला आहे. आकडे आणि क्रमांक बदलले. रतलामच्या वाटेने जायचे की दिल्लीच्या, हा प्रश्न तसाच आहे.

८. नोटीस स्वतःच्याच नावाने

२७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडई इमारत कोसळली. ६१ माणसे गेली. ही इमारत शतकजुनी चाळ नव्हती, पागडीची नव्हती, भाडेनियंत्रणाने मालक कंगाल झालेली नव्हती. ती महापालिकेचीच होती आणि तीत राहणारी बहुतेक कुटुंबे पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची होती. तळमजल्यावरच्या गोदामात केलेले फेरबदल चौकशीच्या केंद्रस्थानी आले. येथे मालक पालिका, नोटीस देणारी पालिका, आणि भोगवटादार तिचे नोकर. मालकाला पैसा नाही, हे स्पष्टीकरण येथे संपते. जो स्वतःवर नोटीस बजावू शकत नाही, त्याच्या इमारतीची तपासणी दुसऱ्या कोणीतरी करायला हवी, हा धडा ‘मालक किंवा भोगवटादार’ या शब्दांत कोठेच मावत नाही.

खासगी इमारतींत परिस्थिती वेगळ्या तऱ्हेने अवघड आहे. आता धोकादायक इमारतींची वर्गवारी होते. ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडायची. जमिनीचा भाव चढल्यापासून मालकाला ‘सी-१’ हवी असते आणि भाडेकरूला ती नको असते. मालकाचा अभियंता इमारत मरायला टेकली म्हणतो, भाडेकरूंचा अभियंता दुरुस्तीने वाचेल म्हणतो, आणि पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीला निवाडा करावा लागतो. इमारत पाडली तरी भाडेहक्क मरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात स्पष्ट केले. पण निकाल हातात असणे आणि खोली हातात असणे यांत किती वर्षे जातात, हे संक्रमण शिबिरात वाढलेल्या पिढीला विचारावे. १८८८च्या कलम ५०७मध्ये जो मालक कल्पिलाच नव्हता, तो हा. त्याला दुरुस्ती नको आहे. त्याला पडझड फायद्याची आहे. आणि पडत्या इमारतीला चिकटून राहणारा भाडेकरू बेजबाबदार नाही. बाहेर पडलो तर परत येऊ की नाही, याचा तो हिशेब करतो आहे.

म्हणून म्हाडा अधिनियमात नव्याने आलेले कलम ७९-अ मला भाषेच्या दृष्टीने लक्षणीय वाटते. धोकादायक जाहीर झालेल्या उपकरप्राप्त इमारतीसाठी आधी मालकाला सहा महिने. त्याने पुनर्विकासाचा प्रस्ताव दिला नाही तर रहिवाशांच्या सहकारी संस्थेला सहा महिने. त्यांनाही जमले नाही तर म्हाडाने जागा संपादन करून काम करावे. अंमलबजावणीत वाद आहेत, पुढेही होतील. मालकाच्या हक्कांचा प्रश्न खरा आहे, विकासकाच्या मागच्या दाराने होणाऱ्या प्रवेशाची भीतीही खरी आहे. पण वाक्याची रचना पाहा. ‘हा किंवा तो’ गेले आणि ‘आधी हा, मग तो, मग आम्ही’ आले. विकल्पाच्या जागी क्रम आला, क्रमाला मुदत आली आणि शेवटी शासनाचे नाव आले.

ही रचना पुनर्विकासापुरती न ठेवता निगराणीच्या रोजच्या नियमांत आणली पाहिजे, असे माझे मत आहे. कलम ३५४ची नोटीस असो की घरगल्लीची, तिने चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत : पहिले कर्तव्य कोणाचे, किती दिवसांत, खर्च कोणत्या पैशातून, आणि त्याने न केल्यास कोणी करायचेच. ‘करू शकतील’ नव्हे, करायचेच. घरगल्लीसारख्या सामाईक जागेला स्वतःचे खाते आणि स्वतःचा एक पत्ता हवा. घर सोडणाऱ्या भाडेकरूच्या हातात परतीच्या हक्काचा कागद नोटिशीबरोबरच पडला पाहिजे, नंतर नव्हे. आणि पालिकेच्या इमारतींची तपासणी पालिकेबाहेरच्या यंत्रणेने करून तिचा अहवाल दारावर लावला पाहिजे.

याने माणसे एका रात्रीत सुशिक्षित होणार नाहीत, खिडकीतून पिशवी पडायची थांबणार नाही. पण दर पावसाळ्यात इमारत कोसळल्यावर ती नेमकी कोणाची होती, उपकरप्राप्त होती की अनधिकृत वाढीव भाग होता, नोटीस मालकाला गेली होती की रहिवाशांना, हा जो वाद ढिगारा उपसला जात असताना सुरू होतो, तो तरी आधीच मिटलेला असेल. २०१७मध्ये भेंडी बाजारातल्या हुसैनी इमारतीत ३३ माणसे गेली. २०१९मध्ये डोंगरीच्या केसरबाई इमारतीनंतर पडलेला भाग कोणाच्या यादीतला, याचीच चर्चा आधी झाली. ज्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पानावर एका शब्दाने देता आले असते, ते शोधायला आपण प्रत्येक वेळी ढिगाऱ्यापाशी जातो.